रुळांखालची आग: धनबाद–चंद्रपुरा मार्गाचं प्रकरण

१५ जून २०१७ रोजी धनबाद ते चंद्रपुरा हा ३४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग बंद झाला. पूल वाहून गेला नव्हता की अपघात झाला नव्हता. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं म्हणणं असं होतं की मार्गाच्या आसपास आणि खाली कोळशाचे थर जळत आहेत, जमीन खचण्याचा धोका आहे आणि अशा जागेवरून प्रवासी नेणं योग्य नाही. कुसुंडा, सिजुआ, अंगारपथरा, कतरासगढ, सोनारडीह ही गजबजलेली स्टेशनं एका दिवसात ओस पडली. काही गाड्या रद्द झाल्या, काही गोमोमार्गे वळवल्या गेल्या. कतरासच्या लोकांनी मार्ग परत सुरू करा म्हणून धरणं धरलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच रुळांवरून प्रवासी गाड्या पुन्हा धावू लागल्या.

हा मार्ग ज्या झरिया कोळसाक्षेत्रातून जातो, तिथे शंभर वर्षं पेटलेली आग या वीस महिन्यांत विझली नव्हती. मग आधी धोका होता तो नंतर कुठे गेला? हा प्रश्न त्या वेळी राजकीय अंगाने भरपूर विचारला गेला. मला त्याची तांत्रिक बाजू जास्त महत्त्वाची वाटते, कारण मार्ग बंद करणारा आणि सुरू करणारा, दोन्ही निर्णय एकाच गोष्टीवर उभे होते: जमिनीखालची आग नेमकी कुठे आहे हे आपल्याला किती खात्रीने सांगता येतं. ही खात्री कशी मिळते आणि कुठे संपते, ते या पट्ट्याच्या निमित्ताने पाहू.

जमीन आणि तिचा इतिहास

झरिया कोळसाक्षेत्र झारखंडच्या धनबाद जिल्ह्यात, दामोदरच्या खोऱ्यात, सुमारे ४५० चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. पोलादाच्या भट्टीला लागणारा उत्तम प्रतीचा कोकिंग कोळसा देशात इथेच मिळतो. बाराकर श्रेणीच्या खडकात अठरा मुख्य थर एकावर एक आहेत, त्यांना रोमन आकड्यांत १ ते १८ असे क्रमांक आहेत. १८९० च्या दशकापासून इथे व्यापारी उत्खनन चालू आहे. पहिल्या आगीची नोंद १९१६ ची, भौरा कोलियरीतली, म्हणजे कोळसाखाणीतली.

राष्ट्रीयीकरणाआधी खाणी खासगी मालकांच्या होत्या. वरचे, जाड, सहज हाती लागणारे थर आधी काढले गेले. पद्धत खांब ठेवून गॅलऱ्या, म्हणजे जमिनीखालचे बोगदे, खोदण्याची: कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून सोडायचे आणि मधला माल काढायचा. जिथे माल काढला तिथे वाळू भरली तर छत टिकतं आणि हवाही खेळत नाही. पण वाळू भरायला पैसा लागतो आणि त्यातून कमाई काही होत नाही. वाळू भरण्यासाठी १९३९ साली कायदा करावा लागला, यावरूनच आपणहून ती किती भरली जात असेल याची कल्पना येते. १९७१ ते ७३ या काळात खाणी सरकारकडे आल्या. भारत कोकिंग कोल या सरकारी कंपनीकडे कोळशासोबत सुमारे ७० आगी आल्या, क्षेत्र १७.३२ चौरस किलोमीटर.

आग लागते ती बहुतेक वेळा कोणी न लावता. कोळसा हवेतला प्राणवायू शोषून घेतो आणि त्यात थोडी उष्णता तयार होते. अखंड थरात ती आजूबाजूला निघून जाते. पिचलेल्या खांबात किंवा गॅलरीत पडलेल्या चुऱ्यात पृष्ठभाग मोठा असतो आणि हवा हळूहळू झिरपत असते. ज्वलनाला पुरेल इतकी ती हवा असते, थंड करायला पुरेल इतकी नसते. तापमान वाढलं की क्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की तापमान. वर खचलेल्या जमिनीतल्या भेगा आणि बाजूला चोरून कोळसा काढणाऱ्यांनी पाडलेली भोकं या आगीला श्वास पुरवत राहतात.

शोधाची सुरुवात दप्तरात

अशा जागी थर्मल कॅमेरा बाहेर काढण्याआधी जुने नकाशे काढावे लागतात. रुळांखाली कोणता थर किती खोलीवर आहे, त्यात गॅलऱ्या कुठपर्यंत गेल्या, खांब शेवटी काढून घेतले की तसेच राहिले, वाळू भरली का, शेजारच्या कोलियरीशी गॅलऱ्या जोडल्या गेल्या का? आग मोकळ्या जागांतून आणि तुटलेल्या खांबांतून सरकते, त्यामुळे तिचा संभाव्य रस्ता म्हणजे जुन्या खाणकामाचा नकाशाच.

झरियातली मोठी अडचण इथेच आहे. खासगी काळातले अनेक नकाशे अपुरे आहेत. हद्द ओलांडून केलेलं खोदकाम कोणी नकाशावर दाखवत नसे. खाण सोडून देताना शेवटच्या काही महिन्यांत खांब कुरतडले जायचे, त्याची नोंदही नसायची. म्हणून रुळांच्या दोन्ही बाजूंचं दप्तर नीट लावणं हे काम कंटाळवाणं असलं तरी उपग्रहचित्राइतकंच, किंबहुना त्याहून महत्त्वाचं आहे. नकाशात गॅलरी नाही म्हणून जमिनीत ती नाही, असं गृहीत धरलं की पुढचं सगळं मोजमाप चुकीच्या जागी होतं.

आकाशातून काय दिसतं

झरियाची आग उपग्रहातून शोधण्याचे प्रयत्न काही दशकांपासून चालू आहेत. लँडसॅट उपग्रहांची मालिका, १९९९ पासून टेरा उपग्रहावरचं अ‍ॅस्टर उपकरण, विमानातून पहाटे घेतलेली औष्णिक चित्रं, हे सगळं या भागावर वापरलं गेलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राची सर्वेक्षणंही याच पद्धतीची. चित्रं रात्रीची किंवा पहाटेची चांगली, कारण दिवसा उन्हात कोळशाचा काळा ढिगारा शेजारच्या मातीपेक्षा सहज दहा-पंधरा अंश जास्त तापतो आणि आग नसताना आगीसारखा दिसतो.

आता एक हिशेब करून पाहू. लँडसॅट ८ च्या औष्णिक चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १०० मीटर बाय १०० मीटरचा तुकडा. समजा त्यात एक चौरस मीटरची भेग आहे, तिच्या तोंडाशी तापमान ३०० अंश सेल्सिअस आहे आणि बाकी जमीन २० अंशांवर आहे. अकरा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास ३०० अंशांचा पृष्ठभाग २० अंशांच्या पृष्ठभागाच्या सुमारे दहापट किरणं सोडतो. पण भेग ठिपक्याच्या दहा हजाराव्या भागाएवढी आहे. म्हणून संपूर्ण ठिपक्याचं तापमान वाढलेलं दिसेल ते अंशाच्या सहा शतांशांइतकं, म्हणजे न दिसण्यासारखंच. तेच तापलेलं क्षेत्र १०० चौरस मीटर असेल तर वाढ पाच-सहा अंशांची, आणि ती लगेच नजरेत भरते. रेल्वेच्या भरावाची रुंदी दहा मीटरच्या घरात असते. त्यावरची एक धुमसती भेग उपग्रहाच्या दृष्टीने नसल्यात जमा आहे.

याहून मोठी मर्यादा खोलीची आहे. खडकातून उष्णता नुसत्या वहनाने वर येते तेव्हा तिला लागणारा वेळ खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. खडकाची उष्णता-विसरणशीलता, म्हणजे त्यात उष्णता किती वेगाने पसरते त्याचं माप, सेकंदाला सुमारे एक चौरस मिलिमीटर धरली, तर १० मीटर खडक ओलांडायला तीनेक वर्षं लागतात आणि ३० मीटरला सुमारे अठ्ठावीस. म्हणजे ३० मीटर खाली आज पेटलेल्या आगीची ऊब अखंड खडकातून वर यायला एक पिढी जाईल. तरीही झरियात जमीन गरम लागते, कारण उष्णता खडकातून न येता भेगांमधून तापलेल्या वायूंबरोबर येते. भेग आगीच्या नेमकी वर असेलच असं नाही. वायू थराच्या उतारावरून, जुन्या गॅलरीतून बराच प्रवास करून सोयीची वाट मिळेल तिथे बाहेर पडतात. कौलांतून धूर निघतो म्हणून चूल कौलांवर नसते.

उपग्रहचित्र निरुपयोगी आहे असं यातून काढू नये. शेकडो चौरस किलोमीटरवर एका रात्रीत नजर टाकण्याचं, आणि वर्षानुवर्षांची तुलना करण्याचं दुसरं साधन नाही. पण ते सांगतं ते जमिनीच्या वरच्या कातडीबद्दल. रुळांखालच्या थराबद्दल त्यातून जे काही कळतं ते आडवळणाने.

हवेचा नमुना

माझ्या मते या सगळ्या शोधात सर्वात प्रामाणिक साक्षीदार म्हणजे वायू. कोळसा तापू लागला की कार्बन मोनॉक्साइड लवकर दिसू लागतो, आणि तापमान १०० अंशांच्या बरंच पुढे गेलं की इथिलीन, हायड्रोजन असे वायू येतात. पण नुसतं ‘इतका मोनॉक्साइड सापडला’ म्हणण्याला अर्थ नाही, कारण वाटेत किती ताजी हवा मिसळली हे माहीत नसतं. त्यासाठी खाणीत ग्रॅहम गुणोत्तर वापरतात: तयार झालेला मोनॉक्साइड भागिले कमी झालेला प्राणवायू, गुणिले शंभर.

उदाहरणादाखल एक नमुना धरू. प्राणवायू १८.० टक्के, नायट्रोजन ८०.४ टक्के, मोनॉक्साइड ०.०३ टक्के. ताज्या हवेत प्राणवायू नायट्रोजनच्या ०.२६५ पट असतो. म्हणजे या नमुन्यात मुळात २१.३१ टक्के प्राणवायू असायला हवा होता, ३.३१ टक्के खर्च झाला. गुणोत्तर येतं ०.९१. आता याच नमुन्यात तितकीच ताजी हवा मिसळली तर मोनॉक्साइड निम्मा होऊन ०.०१५ टक्क्यांवर येतो आणि नुसत्या त्या आकड्याकडे पाहणाऱ्याला वाटतं, चला, आग ओसरली. गुणोत्तर मात्र ०.९ वरच राहतं, कारण प्राणवायूची तूटही निम्मी झालेली असते. साधारणपणे गुणोत्तर अर्ध्याच्या आत असलं तर नेहमीचं मंद शोषण, एकच्या आसपास आलं तर कोळसा तापतो आहे, दोनला प्रकरण गंभीर, तीन आणि पुढे म्हणजे पेटलेली आग. एकेका खाणीचा, एकेका थराचा नेहमीचा आकडा वेगळा असतो, म्हणून एका नमुन्यापेक्षा आठवड्यामागून आठवडे चढत जाणारी रेघ जास्त बोलते.

याचेही सापळे आहेत. प्राणवायूची तूट ०.३ टक्क्यांहून कमी असेल तर मोजमापातली छोटी चूक गुणोत्तर कुठच्या कुठे नेते. जुन्या बंद गॅलरीतली प्राणवायू संपलेली शिळी हवा मिसळली तर तूट फुगते आणि गुणोत्तर खोटं दिलासादायक दिसतं. आणि जमीन श्वास घेते: हवेचा दाब उतरला की भेगा वायू बाहेर टाकतात, दाब चढला की बाहेरची हवा आत ओढतात. दाब चढत असताना भेगेच्या तोंडाशी घेतलेला नमुना म्हणजे आकाशातली हवाच. नमुन्याच्या बाटलीवर वेळ आणि वायुदाब लिहिलेला नसेल, तर तो अहवाल बाजूला ठेवावा असं मी म्हणेन.

दोन जागा आतून जोडल्या आहेत का हे पाहायला एका बोअरमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा खुणेचा वायू सोडून दुसरीकडे तो येतो का, कधी येतो, हे बघता येतं. रुळांच्या एका बाजूची आग दुसऱ्या बाजूच्या गॅलऱ्यांशी जोडलेली आहे का, या प्रश्नाला याहून सरळ उत्तर नाही.

चुंबक आणि वीज

आगीने भाजलेल्या खडकातली लोहखनिजं बदलतात, त्यातून मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज तयार होतं आणि थंड होताना ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची छाप धरून ठेवतो. म्हणून जिथे आग येऊन गेली तिथे चुंबकीय मोजमाप वर उसळतं. जिथे खडक अजून ५८० अंशांच्या वर आहे तिथे मॅग्नेटाइटचं चुंबकत्व गेलेलं असतं आणि मोजमाप खाली बसतं. उसळी आणि खोलगट यांची सीमा म्हणजे आगीची चालती आघाडी, असा अंदाज बांधता येतो. पूर्व बसुरिया कोलियरीत अशा भूभौतिक पद्धतींनी आगीचा माग काढल्याचा अभ्यास प्रसिद्ध आहे, आणि हा भाग याच रेल्वेपट्ट्याच्या आसपासचा असल्याने इथे तो विशेष उपयोगाचा.

रुळांजवळ मात्र चुंबकीय मोजमाप अवघड. पोलादी रूळ, विजेच्या तारा आणि गाड्या चुंबकमापकाला गोंधळवतात. विद्युत रोधाची चाचणी थोडी बरी, पण तिचंही उत्तर दुहेरी: कोरडी पोकळी रोध वाढवते, पाणी भरलेली पोकळी घटवते, आणि फार तापून कोक झालेला कोळसाही रोध घटवतो. एकट्या कोणत्याही पद्धतीवर इथे नकाशा काढू नये.

शेवटी भोक पाडावंच लागतं

बोअर घेऊन आत तापमापक सोडणं हा पुराव्याचा शेवटचा टप्पा. तिथेही एक गणित विसरलं जातं. गॅलरी ४ मीटर रुंद आणि खांब २० मीटर बाय २० मीटर धरला, तर आंधळेपणाने घेतलेल्या दहा बोअरपैकी सात खांबातच घुसतात. अखंड खांबाच्या मधोमध तापमान साधारण निघतं, आणि त्याच वेळी काही मीटरवरची गॅलरी धगधगत असू शकते. म्हणून जुने नकाशे बिनचूक असणं हे बोअरच्या उपयोगाचंच मोल ठरवतं. शिवाय प्रत्येक बोअर म्हणजे आगीसाठी हवेची नवी वाट. त्यात नळी घालून तोंड घट्ट बंद केलं नाही तर शोधाने आगच वाढते. तापलेल्या थरात पाण्याने खोदणं तर धोक्याचं: पाण्याची वाफ होते, तप्त कोळशावर तिच्यापासून हायड्रोजन आणि मोनॉक्साइड बनतात आणि स्फोट होऊ शकतो.

रेल्वेला वेगळंच उत्तर हवं असतं

खाणवाल्याचा प्रश्न असतो: आग कुठे आहे, ती खणून काढू की हवा तोडू? रेल्वेचा प्रश्न: ही जमीन पुढच्या गाडीखाली टिकेल का? गरम जमीन आणि खचणारी जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मार्ग बंद होण्याच्या तीनच आठवडे आधी, मे २०१७ मध्ये, झरियाच्या इंदिरा चौकात जमीन अचानक फाटून बाप-लेक आत गेले. धनबादकडे अशा खड्ड्याला ‘गोफ’ म्हणतात. उथळ गॅलरीचं छत थोडंथोडं ढासळत पोकळी वर सरकते आणि एक दिवस जमिनीला भिडते. ढासळलेला दगड मूळ दगडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पोकळी वर जाता जाता भरत येते. तीन मीटर उंच गॅलरीवर दगड तीस टक्के फुगत असेल तर साधारण दहा मीटरवर ती थांबावी. पण खाली खांबच जळून राख होत असतील तर ढासळलेल्या ढिगालाही तळ उरत नाही आणि हे गणित फसतं. इथे आग आणि खचणं एकमेकांत अडकतात.

उपग्रहाच्या रडार पद्धतीने जमीन हळूहळू किती बसते आहे हे सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही बारीक कळतं, आणि झरियावर ती वापरली गेली आहे. विस्तीर्ण खचण्यासाठी ती चांगली. गोफ मात्र आधी फारशी न बसता एकदम पडतो. त्यासाठी रुळांजवळ, भरावाच्या दोन्ही बाजूंना, ठराविक खोलीवर बसवलेले कायमचे तापमापक, वायूचे नमुने घेण्याच्या नळ्या आणि जमिनीची हालचाल मोजणारी साधनं लागतात. मार्ग सुरू ठेवणं अशा देखरेखीखाली शक्य आहे असं मला वाटतं. देखरेखीशिवाय सुरू ठेवणं म्हणजे २०१७ चा निर्णय न वाचताच फाडून टाकणं होईल. याच कोळसाक्षेत्रातला धनबादहून झरियामार्गे पाथरडीहला जाणारा जुना मार्ग याआधीच आगीपायी कायमचा गेला आहे.

घटलेलं क्षेत्र

आता सरकारी आकड्यांकडे. उपग्रह सर्वेक्षणांच्या आधारे झरियातलं आगीचं क्षेत्र ८.९ चौरस किलोमीटरवरून २०२१ पर्यंत १.८० चौरस किलोमीटरवर आलं, आणि आगीच्या जागा ७७ वरून २७ झाल्या, असं सांगितलं जातं. या घटीमागे खरं काम आहे: जळता कोळसा खुल्या खाणीतून खणून काढला की ती आग खरोखर संपते. पण हे आकडे पृष्ठभागावर दिसणाऱ्या आगीचे आहेत. वर मातीचा जाड थर टाकून भेगा बुजवल्या, तरी उपग्रहाला क्षेत्र घटलेलं दिसतं. त्यात हवा तुटून आग विझलेली असू शकते आणि आत धुमसतही राहिलेली असू शकते. दोन्हींतला फरक वायूच्या नमुन्याने आणि बोअरमधल्या तापमानानेच कळेल.

हा फरक हजारो घरांचा आहे. ऑगस्ट २००९ मध्ये झरियासाठी ७,११२.११ कोटी रुपयांचा मास्टर प्लॅन मंजूर झाला, बेलगडियात पुनर्वसनाची वसाहत उभी राहिली, लोकांना तिथे हलवणं रेंगाळत चाललं. जून २०२५ मध्ये ५,९४०.४७ कोटींचा सुधारित आराखडा केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला, त्यात सर्वात धोकादायक जागांवरच्या कुटुंबांना आधी हलवायचं आहे. कोणती जागा सर्वात धोकादायक, हे ठरवताना पृष्ठभागाच्या तापमानाचा नकाशा एकटा वापरला गेला, तर थंड दिसणाऱ्या जमिनीवर, जळत्या खांबांच्या वर राहणारं घर यादीत खाली जाईल.

म्हणून प्रत्येक जागेसमोर चार गोष्टी जाहीर व्हाव्यात: थर आणि त्याची खोली, जुन्या नकाशाचं साल, बोअरमधलं शेवटचं तापमान तारखेसह, आणि ग्रॅहम गुणोत्तराची गेल्या वर्षाची रेघ. धनबादमध्येच खाण सुरक्षा महासंचालनालयाचं मुख्यालय आहे, केंद्रीय खनन आणि इंधन संशोधन संस्था आहे, जुनं इंडियन स्कूल ऑफ माइन्स म्हणजे आजची आयआयटी आहे. हे मोजमाप करू शकणारे लोक रुळांपासून काही किलोमीटरवर बसतात. कतरासगढच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्याला आपल्या पायाखालचा आकडा वाचता यावा, इतकी ही माहिती उघडी ठेवण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही.